वाइनची यादी जोखताना

२००८ साली रॉबिन गोल्डस्टीन या अमेरिकी लेखकाने इटलीतल्या मिलान शहरात एक रेस्टॉरंट काढलं, पण फक्त कागदावर. ‘ओस्तेरिया लिंत्रेपिदो’ हे नाव, एक वेबसाइट, एक मेन्यू आणि वाइनची लांबलचक यादी, एवढाच त्याचा संसार होता. ‘वाइन स्पेक्टेटर’ हे अमेरिकी मासिक १९८१पासून रेस्टॉरंटच्या वाइन याद्यांना पुरस्कार देतं. गोल्डस्टीनने २५० डॉलरचं प्रवेशशुल्क भरून आपली यादी तिथे पाठवली आणि अस्तित्वातच नसलेल्या त्या रेस्टॉरंटला पुरस्कार मिळाला. यादीतला ‘खास’ म्हणून दाखवलेला महागडा विभाग त्याने मुद्दाम अशा वाइननी भरला होता, ज्यांना याच मासिकाने पूर्वी हलके गुण दिले होते. मासिकाने खुलासा केला की आपली फसवणूक झाली, आणि यादीतल्या अडीचशेहून अधिक वाइनपैकी हलके गुण मोजक्याच वाइनना होते. तो खुलासाही खोटा नव्हता. पण या प्रकरणातून माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट झाली. स्वयंपाकघर, ग्लास, वाढणारा माणूस आणि जेवणारा माणूस बाजूला ठेवून नुसती यादी तपासली, तर हाती लागते ती तिची लांबी आणि तिच्यातली नावं. यादी कामाची आहे की नाही हे त्यावरून कळत नाही.

या पुरस्काराच्या पहिल्याच पायरीवर साधारण नव्वद वाइनची अपेक्षा असते. त्या मापाने अमेरिकेतली साधी, कौटुंबिक, शेकडो शाखांची रेस्टॉरंटं आरंभीच बाद ठरतात, आणि वाइनचे जाणकार त्यांच्या याद्यांकडे बघतही नाहीत. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण सामान्य अमेरिकी माणूस, आणि त्यात तिथे स्थायिक झालेली हजारो मराठी कुटुंबंही आली, बाहेर जेवताना वाइनची यादी पहिल्यांदा हातात घेतो ती बहुधा अशाच ठिकाणी. म्हणून ‘ऑलिव्ह गार्डन’चं उदाहरण घेऊ. १९८२ साली फ्लोरिडातल्या ओरलँडोमध्ये सुरू झालेली ही इटालियन-अमेरिकी जेवणाची साखळी. अमेरिकेत तिच्या सुमारे ९०० शाखा आहेत. हवे तितके ब्रेडस्टिक आणि सॅलड, टोमॅटोच्या सॉसमधलं चिकन, मलईदार पास्ता आणि मोजक्या वाइन. अशी यादी जोखायची ती तिला नेमून दिलेल्या कामावरून: समोरच्या जेवणाशी ती जुळते का, ग्लासात येणारी वाइन ताजी असते का, माप आणि भाव उघड आहेत का, आणि कुणाच्या मदतीशिवाय माणसाला त्यातून निवड करता येते का. या कसोट्या सोप्या नाहीत. अनेक नामांकित रेस्टॉरंटंही त्यांत नापास होतील.

आधी ही यादी अशी का दिसते ते पाहायला हवं. समजा, ९०० शाखांपैकी प्रत्येकीत एखादी वाइन आठवड्याला फक्त एक पेटी, म्हणजे १२ बाटल्या, खपते. वर्षाला ४६,८०० पेट्या झाल्या. अमेरिकेतल्या बहुसंख्य वायनरी वर्षाला ५,००० पेट्यांहून कमी वाइन करतात. त्यांच्यापैकी कुणीही हा पुरवठा करू शकत नाही, आणि केलाच तर बाकी सगळी गिऱ्हाइकं सोडून द्यावी लागतील. त्यात १९३३ साली दारूबंदी उठल्यावर अमेरिकेत तीन पायऱ्यांची व्यवस्था रूढ झाली: उत्पादकाने वितरकाला विकायचं, वितरकाने दुकानाला किंवा रेस्टॉरंटला. प्रत्येक राज्याचे नियम निराळे. पेनसिल्व्हेनिया आणि युटासारख्या राज्यांत तर घाऊक व्यवहार राज्य सरकारच्याच हातात आहे. सगळ्या राज्यांत एकच यादी चालवायची, तर सगळ्या राज्यांत वितरक असलेलाच उत्पादक हवा. त्यामुळे यादीत केंडल-जॅक्सन, सटर होम, काव्हित ही ओळखीची नावं दिसतात. मोठ्या कंपन्यांनी पैसे चारून जागा मिळवल्या असतील, असा संशय सहज येतो. पण यादीतल्या जागेसाठी उत्पादकाने रेस्टॉरंटला पैसे देणं १९३५च्या संघीय कायद्याने निषिद्ध आहे. ही नावं तिथे येण्यासाठी वर सांगितलेलं गणितच पुरेसं आहे.

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: मोठ्या प्रमाणावर केलेली वाइन म्हणजे कारखान्यातला माल, तिला ना माती ना माणूस. या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धंच. काव्हित हे नाव घ्या. उत्तर इटलीतल्या त्रेंतिनो भागातल्या सहकारी संस्थांचा हा संघ, त्यामागे हजारो छोटे द्राक्ष बागायतदार आहेत. सहकारी साखर कारखाने पाहिलेल्या मराठी वाचकाला अशी रचना समजावून सांगायला नको. मोठ्या आकड्यामागे माणसं नसतात हे गृहीतच चूक आहे. शिवाय पन्नास वर्षांपूर्वी स्वस्त वाइनमध्ये हमखास सापडणारे दोष, म्हणजे आंबलेला वास, व्हिनेगरची चव, गढूळपणा, हे थंड तापमानातल्या नियंत्रित किण्वनामुळे जवळपास नाहीसे झाले, आणि ते तंत्र मोठ्या उत्पादकांनीच सर्वदूर नेलं. आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग मात्र मान्य करायला हवा. दरवर्षी तीच चव द्यायची म्हणून लांबलांबच्या बागांची वाइन एकत्र मिसळली जाते आणि त्यात विशिष्ट जागेचा ठसा पुसला जातो. म्हणून माझी अपेक्षा एवढीच की स्वतःला इटालियन म्हणवणाऱ्या साखळीच्या यादीत निदान दोन-तीन वाइन तरी इटलीतल्या नेमक्या जागेच्या असाव्यात. ऑलिव्ह गार्डनच्या यादीत अनेक वर्षं दिसलेली रोक्का देल्ले माचिए या घराण्याची कियांती क्लासिको ही अशी वाइन. फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्या मधल्या टेकड्यांतल्या या वाइनमध्ये किमान ८० टक्के सांजोव्हेसे द्राक्ष असावं लागतं. हे घराणं १९७३ साली सुरू करणारा इतालो झिंगारेल्ली हा मूळचा चित्रपटनिर्माता. ‘स्पॅगेटी वेस्टर्न’ चित्रपटांतून मिळालेला पैसा त्याने द्राक्षबागांत घातला.

आता मुख्य कसोटी, जेवणाशी जुळण्याची. इथे वाइनच्या किमतीला किंवा गुणांना फारसं महत्त्व नाही. ताटात काय आहे ते पाहावं लागतं. टोमॅटोचा सॉस आंबट असतो. त्याच्यासोबत कमी आंबट, ओकच्या पिंपात मुरलेली, लोण्याच्या चवीची कॅलिफोर्नियाची शार्डोने प्यायली तर ती बेचव आणि जडशी लागते. स्वतंत्रपणे उत्तम असलेली वाइन त्या घासासमोर हरते. सांजोव्हेसेमध्ये मुळातच भरपूर आंबटपणा असतो, म्हणून कियांती टोमॅटोला सांभाळून घेते. बार्बेरा हे द्राक्षही तसंच. फेत्तुचिनी अल्फ्रेडोची गोष्ट वेगळी. रोममध्ये मूळचा हा पदार्थ लोणी आणि पार्मेसान चीजचा, त्यात मलई आली ती अमेरिकेत. त्या मलईचा तोंडावर बसलेला थर धुवून काढायला पिनो ग्रिजोसारखी हलकी, चटकदार पांढरी वाइन चांगली, किंवा मग मलईच्याच जातीची शार्डोने. तीच शार्डोने, जी टोमॅटोसमोर हरली होती. आराब्बियातासारख्या तिखट सॉसबरोबर जास्त अल्कोहोलची, तुरट काबर्ने सोव्हिन्याँ घेतली तर मिरचीचा जाळ आणखी वाढतो, कारण अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही त्या आगीत भर घालतात. वरून लाल मिरचीचे तुकडे मागून घेणाऱ्या मराठी जेवणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावं. त्याच्यासाठी कमी अल्कोहोलची, किंचित गोड रीसलिंग किंवा रोझे जास्त सुखाची. तर यादी वाचताना मी हे बघेन: आंबट अंगाची लाल वाइन आहे का, ओक न लावलेली पांढरी आहे का, तिखटासाठी काही किंचित गोड आहे का, आणि मिष्टान्नाबरोबर चालेल इतकी गोड एखादी आहे का. मिष्टान्नाहून वाइन कमी गोड असली तर ती कडवट लागते, म्हणून तिरामिसूसोबत मोस्कातो लागते. या चार जागा भरलेली पंधरा वाइनची यादी ही सहा काबर्ने आणि पाच शार्डोने असलेल्या चाळीस वाइनच्या यादीपेक्षा निश्चित सरस.

गोड वाइनचं नाव काढलं की दुसरा आक्षेप येतो: गोड म्हणजे नवशिक्यांची. या हेटाळणीचा इतिहास बघण्यासारखा आहे. १९७५ साली सटर होम वायनरीत झिनफँडेल द्राक्षाच्या गुलाबी वाइनचं किण्वन मधेच थांबलं, साखर शिल्लक राहिली आणि बॉब ट्रिंकेरो यांनी ती तशीच बाटलीत भरली. त्या गुलाबी गोड ‘व्हाइट झिनफँडेल’ने अमेरिकेत धुमाकूळ घातला. १९८२ साली जेस जॅक्सन यांच्या शार्डोनेचं किण्वनही असंच अडलं, आणि त्या किंचित गोडीतून केंडल-जॅक्सनची प्रसिद्ध शार्डोने उभी राहिली. तिच्यातली गोडी कुणी जाहीर केली नव्हती, त्यामुळे ती ‘ड्राय’ समजून आवडीने प्यायली गेली. लोकांना गोडी आवडत होती, फक्त तसं म्हणवत नव्हतं. आणि व्हाइट झिनफँडेलला मागणी आली म्हणूनच कॅलिफोर्नियातल्या झिनफँडेलच्या कितीतरी जुन्या वेली उपटल्या जाण्यापासून वाचल्या, असं त्या धंद्याचे अभ्यासक मानतात. आज ज्या जुन्या वेलींच्या गंभीर लाल वाइनची तारीफ होते, त्या वेली या गोड गुलाबी वाइनच्या पैशावर जगल्या. म्हणून यादीत मोस्कातो आणि व्हाइट झिनफँडेल दिसल्या की नाक मुरडू नये. फक्त त्या गोड आहेत हे यादीने स्पष्ट लिहावं.

ताजेपणाची कसोटी यादीवर छापलेली नसते, तरी यादीवरूनच तिचा अंदाज बांधता येतो. उघडलेली बाटली हवेशी झगडू लागते. दोन-तीन दिवसांत फळाचा वास मरतो आणि शिळेपणा येतो. समजा, एका शाखेत संध्याकाळी ४० ग्लास वाइन विकली जाते आणि एका बाटलीत सहा औंसाचे चार ग्लास बसतात. ग्लासाने मिळणाऱ्या वाइन आठ असतील, तर प्रत्येकीचे सरासरी पाच ग्लास जातात आणि बाटली त्याच रात्री संपते. वाइन चाळीस असतील, तर प्रत्येकीचा एक ग्लास जातो आणि बाटली चार दिवस उघडी राहते. म्हणजे लांब यादीचं जे कौतुक होतं, तेच गर्दी नसलेल्या ठिकाणी ग्लासातल्या वाइनचं नुकसान करतं. आर्गॉन वायूने बाटली जपणारी यंत्रं मिळतात, पण साध्या जेवणाच्या ठिकाणी ती असतीलच असं नाही. तापमानाचंही असंच. लाल वाइन १५ ते १८ अंश सेल्सियसला चांगली लागते, पण स्वयंपाकघराच्या उबेत मांडणीवर उभी असलेली बाटली सहज २५ अंशांवर जाते आणि मग नाकाला फक्त अल्कोहोल जाणवतं. अशा वेळी बाटली दहा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगण्यात काहीही गैर नाही.

भावाबद्दल सर्वांत जास्त तक्रार होते आणि सर्वांत कमी हिशोब होतो. अमेरिकेतल्या रेस्टॉरंट व्यवसायात ढोबळ संकेत असा आहे की बाटलीची घाऊक किंमत पहिल्या ग्लासातच वसूल करायची आणि अख्खी बाटली घाऊक भावाच्या अडीच-तीन पटीने विकायची. ही लूट वाटते. पण त्या रकमेतून ग्लास, फुटतूट, ओतून द्यावी लागलेली शिळी वाइन, परवाना, जागेचं भाडं आणि वाढणाऱ्यांचे पगार निघतात, आणि कमी नफ्यावर विकलेल्या जेवणाची भरपाईही होते. त्यामुळे पट किती हे मला दुय्यम वाटतं. ती पट यादीत कुठे जास्त आहे हे पाहावं. डेव्हिड द मेझा आणि विक्रम पठानिया या अर्थशास्त्रज्ञांनी लंडनमधल्या दोनशेहून अधिक रेस्टॉरंटच्या याद्या तपासल्या. ‘खालून दुसरी वाइन कधी घेऊ नये, त्यातच जास्त लुबाडतात’ हा समज त्यांना खोटा आढळला. टक्केवारीत सर्वाधिक नफा यादीच्या मध्यावर होता, दोन्ही टोकांना कमी. म्हणजे ‘फार स्वस्त नको, फार महागही नको’ म्हणत मधली निवडणारा सावध माणूसच जास्त मोजत होता. मापाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २५.४ औंस वाइन असते. समजा सहा औंसाचा ग्लास ९ डॉलर, नऊ औंसाचा साडेबारा आणि बाटली ३४. औंसाला अनुक्रमे १.५०, १.३९ आणि १.३४ डॉलर पडतात. फरक आहे, पण बाटली मागवण्याची घाई करावी इतका नाही. उरलेली बाटली बूच लावून घरी न्यायला अनेक राज्यांत परवानगी आहे, तिथे मात्र हिशोब बदलतो. ब्रिटनमध्ये ग्लास १२५ किंवा १७५ मिलिलिटरचा, नाहीतर त्यांच्या पटीतला, असं कायद्यानेच ठरलेलं आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हे माप रेस्टॉरंट ठरवतं. म्हणून औंस छापलेली यादी प्रामाणिक आणि नुसतं ‘ग्लास’ छापलेली अपुरी, असं मी म्हणेन.

ऑलिव्ह गार्डनची ‘पोर्ता व्हिता’सारखी खास साखळीसाठी केलेली घरची वाइन हा याच प्रश्नाचा वेगळा पैलू. केंडल-जॅक्सनची किंमत शेजारच्या दुकानात पाहता येते आणि रेस्टॉरंटने किती चढवलं ते समजतं. घरची वाइन दुकानात नसते, त्यामुळे तुलनाच बंद होते. तेव्हा ती यादीत सर्वांत स्वस्त असली पाहिजे, आणि मागितल्यास चाखायला एक घोट मिळाला पाहिजे. तो घोट दिला जात असेल, तर ती साखळी आपल्या वाइनच्या पाठीशी उभी आहे असं समजावं.

न्यू जर्सीत, जिथे एडिसनच्या आसपास मराठी घरं भरपूर आहेत, या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. तिथे मद्यपरवान्यांची संख्या लोकसंख्येशी बांधलेली आहे, साधारण ३,००० रहिवाशांमागे एक. त्यामुळे परवाना लाखो डॉलरना विकला जातो आणि तो मोठ्या साखळ्यांना परवडतो, एखाद्या जोडप्याने चालवलेल्या छोट्या इटालियन खानावळीला परवडत नाही. त्या छोट्या खानावळी मग लोकांना घरून बाटली आणू देतात. दुकानातून पंधरा डॉलरची बार्बेरा नेऊन तिथे प्यायली, तर साखळीतल्या ३४ डॉलरच्या बाटलीपेक्षा अधिक चांगली वाइन मिळू शकते. अशा गावात साखळीची यादी जोखताना ही तुलना टाळता येत नाही. तिथे यादीने आपला जादा पैसा सोयीतून आणि ताज्या ग्लासातून फेडून दाखवायला हवा.

यादीवरचे शब्द किती विश्वासाचे, हेही तपासावं लागतं. लेबलावर द्राक्षाचं नाव असेल तर अमेरिकी नियमाने बाटलीत त्याचा किमान ७५ टक्के भाग असतो. ‘कॅलिफोर्निया’ म्हटलं तर सगळी द्राक्षं त्या राज्यातली, पण राज्याच्या कुठल्याही कोपऱ्यातली. ‘रिझर्व्ह’ या शब्दाला अमेरिकी कायद्यात काहीही अर्थ नाही, मात्र कियांती क्लासिकोची ‘रिझेर्व्हा’ किमान २४ महिने मुरलेली असावीच लागते. साखळ्यांच्या यादीत वर्ष सहसा छापत नाहीत, कारण छापील कार्ड वर्षभर चालवायचं असतं. लाल वाइनमध्ये मी याकडे काणाडोळा करेन. पिनो ग्रिजो आणि रोझे मात्र ताज्याच चांगल्या, त्यांचं वर्ष वेटरला विचारावं आणि तीन-चार वर्षं जुनी निघाली तर दुसरी मागावी. शाकाहारी वाचकांसाठी एक गोष्ट, जी कुठल्याच साखळीच्या यादीवर मला अपेक्षित नाही पण असायला हवी: वाइन निवळ करण्यासाठी कधीकधी अंड्याचा पांढरा बलक, जिलेटिन किंवा माशापासून मिळणारा पदार्थ वापरला जातो.

शेवटचा आक्षेप असा की चव ज्याची त्याची, मग याद्या जोखायच्या कशाला? गोल्डस्टीन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००८ सालीच सहा हजारांहून अधिक वेळा किंमत लपवून लोकांना वाइन चाखायला दिली. प्रशिक्षण नसलेल्यांना महाग वाइन जास्त आवडली नाही, उलट किंचित कमीच आवडली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात एकच वाइन वेगवेगळ्या किमती सांगून दिली, तर महाग सांगितलेली जास्त आवडली. चव इतकी डळमळीत असेल तर परीक्षण व्यर्थ, असा निष्कर्ष काही जण काढतात. मला उलटा दिसतो. चवीवर किंमत आणि नाव यांची इतकी सहज छाप पडते, म्हणूनच ज्या गोष्टी आवडीवर अवलंबून नाहीत त्या पक्क्या धराव्यात. बाटली कधी उघडली, ग्लासात किती औंस आहेत, वाइन गोड आहे की नाही, सॉस आंबट असताना वाइन आंबट आहे का, या प्रश्नांची उत्तरं माणसागणिक बदलत नाहीत.

या मापाने ऑलिव्ह गार्डनची छोटी, जेवणाला धरून चालणारी, गोडीला न लाजणारी यादी मी उत्तीर्ण ठरवेन. घरच्या वाइनच्या बाबतीत मात्र तिचे गुण कापेन. बसल्यावर वेटरला फक्त दोन प्रश्न विचारा: ही बाटली कधी उघडली, आणि आधी एक घोट चाखायला मिळेल का? पहिल्याचं उत्तर ‘आज’ आणि दुसऱ्याचं ‘हो’ असेल, तर यादीत अठरा वाइन आहेत की एकशे ऐंशी, याची चिंता न करता खुशाल मागवा.